हॅशच्या ओळी

पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसमध्ये भाऊंना सगळे मौनीबाबा म्हणायचे. तोंडावर भाऊ आणि पाठीमागे मौनीबाबा. मी मात्र दोन्ही नावं तोंडावरच वापरायचे, कारण माझ्या जिभेला हाड नाही हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. भाऊंना त्याचं काही वाटायचं नाही. ते म्हणायचे, "बरं."

तोच त्यांचा शब्द. पंप बिघडला, बरं. रजा मंजूर झाली, बरं. साहेबांनी चारचौघांत झापलं, तरी बरं. एकदा मी वैतागून विचारलं, "भाऊ, उद्या कुणी येऊन सांगितलं की ही बाई मेली, तर काय म्हणाल?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खरोखरच विचार केला, आणि म्हणाले, "आधी खात्री करून घेईन." त्या महिन्यातलं ते त्यांचं सगळ्यात मोठं भाषण.

आम्ही दोघं ऑपरेटर. ते सीनियर, मी ज्युनियर. गाळणीच्या टाक्यांमागे आमची खोली: दोन टेबलं, भिंतीवर लाल-हिरव्या दिव्यांचं पॅनेल, क्लोरीनचा वास, आणि एक पंखा जो फिरत फिरत भाऊंपर्यंत जायचा आणि माझ्याकडे यायच्या आधी अडकायचा. आमचं गाव चढउताराचं. वरच्या टाकीला पाणी चढवायचं तर खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह आधी मिटवावा लागतो, नाहीतर वरचे बोंबलतात. आणि फार वेळ मिटवला तर खालचे बोंबलतात. कुठला पंप कधी, कुठला व्हॉल्व्ह किती, हे सगळं एक जुना संगणक सांभाळायचा, आणि त्या संगणकाला शहाणं केलं होतं भाऊंनी.

शेल म्हणजे संगणकाची ती काळी खिडकी. तिच्यात कमांड टाईप करायची आणि संगणकानं ती पाळायची. तेच काम रोज करायचं असेल तर त्या कामाच्या सगळ्या कमांडी एकत्र बांधून त्या गाठोड्याला एक नाव द्यायचं. त्याला म्हणायचं फंक्शन. एकदा नीट समजावून सांगितलं की पुढे नुसतं नाव घ्यायचं, बाकीचं शेलच्या लक्षात असतं. मला हे शिकवताना भाऊ म्हणाले, "घरात कसं, 'चहा' एवढंच म्हणतो आपण."

"आणि पाणी ठेवून, दूध घालून, गाळून आणणारी बाई म्हणजे शेल," मी म्हटलं.

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बरं."

त्यांची एक सवय होती. कुठलाही मोठा व्हॉल्व्ह हलवायच्या आधी ते शेललाच विचारून घ्यायचे, की बाबा रे, तुला काय कळलंय ते सांग. त्याची कमांड आहे: डिक्लेअर डॅश एफ, आणि पुढे फंक्शनचं नाव. ती दिली की शेल ते फंक्शन आपल्या डोक्यात जसं बसलंय तसं पडद्यावर छापतो. फंक्शनं लिहिलेली असतात एका फाईलमध्ये आणि शेल ती एकदाच वाचून घेतो; पण नुसती ती फाईल उघडून बघणं त्यांना मान्य नव्हतं. कारण एकदा कुणीतरी फाईलमध्ये आकडा बदलला आणि शेलला ती परत वाचायला लावायचं विसरला. फाईल नवं म्हणत होती, शेल जुनंच करत होता, आणि खालच्या वस्तीत लोकांच्या चपला पाण्यावर तरंगल्या. तेव्हापासून आम्ही आधी छापून बघायचो, आकडे तपासायचो, मगच पुढे.

"फाईल म्हणजे आपण काय बोललो," भाऊ म्हणायचे. "हे म्हणजे त्यानं काय ऐकलं. पाणी ऐकलेल्यावर चालतं."

आता त्या फाईलबद्दल सांगते.

स्क्रिप्टमध्ये, म्हणजे अशा कमांडींच्या फाईलमध्ये, ज्या ओळीच्या आधी हॅशचं (#) चिन्ह असतं, ती ओळ शेलसाठी नसते. ती माणसांसाठी असते. इथे काय चाललंय, का चाललंय, हे पुढच्या माणसाला कळावं म्हणून दोन शब्द लिहून ठेवतात. बाकीचे लोक दोनच शब्द लिहितात. भाऊ दोन ओळींची कमांड लिहायचे आणि तिच्या डोक्यावर वीस ओळी हॅशच्या. दिवसभर तोंडाला कुलूप लावलेला हा माणूस तिथे भडाभडा बोलायचा.

मी ते चोरून वाचलं असं कुणी समजू नये. फाईल सगळ्यांना उघडी होती, फक्त वाचायची हौस कुणाला नव्हती. मला होती. जेवणाच्या सुटीत लोक पेपर वाचायचे, मी भाऊंची फाईल वाचायचे. 'वरची टाकी थापाडी आहे. अर्धी भरली की भरल्याचा आव आणते. म्हणून तिला दोनदा विचारायचं.' असं काहीतरी एका ठिकाणी होतं. दुसरीकडे, पंपाच्या आवाजाबद्दल लिहिता लिहिता मध्येच लेकीचं: 'फोनवर म्हणते, बाबा तुम्ही काही बोलतच नाही. काय बोलायचं? ती बोलते ते ऐकायला बरं वाटतं. मध्ये बोललो तर ती थांबेल.' आणि खाली लगेच प्रेशरचा आकडा.

वहिनींबद्दलही असायचं. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. घरी शिवणकाम करतात, खिडकीशी मशीन, आणि सकाळपासून बायकांचा राबता. त्या इतक्या बोलक्या की माप घेता घेता गिऱ्हाइकाच्या सासूची जन्मकथा काढून घेतील. भाऊ त्यांचं नाव लिहायचे नाहीत, 'ही' म्हणायचे. एकदा लिहिलं होतं, 'आज डब्यात पुन्हा तीच भाजी. ही रागावलीय. कशावरून ते मला कळेपर्यंत भाजी बदलायची नाही.' मी ते वाचून एवढी हसले की चहा नाकातून यायचा राहिला. त्याच्याखाली भाऊंनी नंतर केव्हातरी आणखी दोनतीन ओळी जोडल्या होत्या. त्यांची सुरुवात मला आठवते: 'कळलं.'

पुढचं आठवत नाही. तेव्हा ते आठवून ठेवायचं कारणच नव्हतं. फाईल होती ना.

हॅशच्या जोडीला भाऊंनी मला आणखी एक युक्ती शिकवली होती. शेलमध्ये नुसता कोलन, म्हणजे एकावर एक दोन टिंबं, हीसुद्धा एक कमांड आहे, आणि तिचं काम म्हणजे काहीही न करणं. "आपल्या बड्या साहेबांसारखी," मी म्हटलं होतं. त्या कोलनपुढे अवतरणात एखादं वाक्य लिहिलं तर शेल त्याचं काही करत नाही, पण वाक्य सांभाळतो. भाऊ म्हणाले, "दुसऱ्याला लागणारं असेल ते कोलननं लिही. हॅश आपल्यापुरता." मी मान हलवली. मला वाटलं, ही त्यांची टापटीप.

मग भाऊंची निवृत्ती आली, आणि तिच्या जोडीनं नव्या यंत्रणेची बातमी. नवे संगणक येणार होते, बाहेरचे इंजिनिअर येऊन आमच्या सगळ्या स्क्रिप्ट ओळीनं ओळ वाचणार होते आणि त्यावरून त्यांचं नवं उभं करणार होते. ते कळल्याच्या आठवड्यातच एका दुपारी भाऊ टेबलाशी वाकून बसलेले दिसले. मी फेरी मारून आले तरी तसेच. संध्याकाळी मी सवयीनं फाईल उघडली तर ती धुतलेल्या कापडासारखी आटली होती. हॅशची एक ओळ शिल्लक नव्हती.

"भाऊ, हे काय केलंत?"

"साफसफाई."

"सगळं?"

ते टेबलाचा खण बंद करत होते. "परके लोक वाचणार," ते म्हणाले. "घरचं धुणं कशाला चव्हाट्यावर." आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेव्हा मला कळलं की मी वाचते हेही त्यांना माहीत होतं. माझं वाचणं त्यांना चाललं होतं.

मला त्यांचा राग आला होता, अजूनही येतो. पण माणसानं स्वतःचं लिहिलेलं स्वतः पुसलं तर त्याला जाब कोण विचारणार?

निवृत्त होऊन भाऊ घरी बसले आणि थोड्याच दिवसांत ते झालं. सकाळी वहिनी म्हणाल्या, दोरे संपलेत, बाजारात जाऊन येते. भाऊ म्हणाले, "बरं." वहिनी म्हणाल्या, चहा झाकून ठेवलाय, प्या. "बरं." बाजारात एका गिऱ्हाइकाच्या कापडाला जुळणारा निळा दोरा मिळेना, म्हणून त्या दुसऱ्या दुकानात गेल्या, तिथून तिसऱ्या. परत आल्या तर भाऊ खुर्चीतच होते, कप आडवा, चहा फरशीवर. वहिनी ओरडल्या, "सांडला तर सांडला, पुसायचं तरी!" भाऊ म्हणाले, "बरं." वहिनी फडकं घेऊन खाली बसल्या, वर बघितलं, आणि तेव्हा त्यांना दिसलं की ओठांची एक बाजू खाली ओघळली आहे.

उजवा हात गेला, पाय निम्मा गेला, आणि वाचा गेली. राहिला एक शब्द. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा सवयीचा शब्द मागे राहतो. आणि असंही म्हणाले, की जरा लवकर आणलं असतं तर.

"मी निळा शोधत होते हो," वहिनी मला म्हणाल्या. दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. "निघताना त्यांना सांगितलं मी. ते नेहमीसारखंच बोलले. दुसऱ्या कुणाचा नवरा असता, दोन वाक्यं बोलणारा, तर तिला तिथल्या तिथे कळलं असतं. मला कसं कळावं?"

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

भाऊ घरी आले. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई येऊ लागल्या. समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, ह्यांची स्वतःची वाक्यं यांना रोज ऐकवा. पुस्तकातली नकोत, यांच्या तोंडात बसलेली, यांच्या ठेवणीची. ऐकता ऐकता त्यातलं एखादं ते उचलतील. सगळ्यांच्या बाबतीत होतं असं नाही, पण होतं.

मी तेव्हा भेटायला गेले होते. बाई गेल्यावर वहिनी मशीनपाशी बसल्या आणि हसायलाच लागल्या. "ह्यांची वाक्यं! आता ती कुठून आणू? आणा म्हणे ठेवणीतली. ठेवणीत एकच होतं, ते घेऊन तर बसलेत!" हसता हसता त्यांचा आवाज फाटला. भाऊ खिडकीशी खुर्चीत होते. सगळं ऐकत होते. ऐकायला त्यांना काही झालेलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात वहिनींच्या मागे गेले आणि हळू आवाजात सांगून टाकलं. की भाऊ बोलायचे. लिहायचे. फाईलमध्ये, हॅशच्या ओळींत. टाकीबद्दल, लेकीबद्दल. "आणि तुमच्याबद्दलसुद्धा."

वहिनी वळल्या. "माझ्याबद्दल काय?"

मी भाजीचं सांगितलं. त्यांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"त्यांना कळलं होतं, मी रागावलेय ते?"

"लिहिलं होतं तसं."

"शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं होतं मला," वहिनी म्हणाल्या. "पूर्ण शाळेचं. त्याआधी मी नुसते ब्लाऊज न् फॉल-बिडिंग. जिन्यावरून धावत आले, ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बरं. मी आठवडाभर एकच भाजी घातली डब्यात. वाटलं, ह्यांना भाजीतला फरकसुद्धा कळत नाही. मग मीच कंटाळून सोडून दिलं." त्यांनी पातेलं ठेवलं. "आणि पुढे? पुढे काय लिहिलं होतं?"

"'कळलं' असं लिहिलं होतं. त्याच्यापुढे दोनतीन ओळी होत्या."

"काय कळलं?"

"ते आठवत नाही," मी म्हटलं. वहिनींनी मला भाजीची ओळ पुन्हा सांगायला लावली, मग पुन्हा. तिसऱ्यांदा सांगताना माझ्या लक्षात आलं की दर वेळी माझे शब्द बदलतायत. 'ही रागावलीय' की 'हिचा राग दिसतोय'? माझ्या तोंडातून ती वाक्यं माझीच होत चालली होती. भाऊंना ती ऐकवून काय उपयोग?

"मला ते आणून द्या," वहिनी म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, माप घेताना धरतात तसं, घट्ट. "त्यांच्यासाठी तर द्याच. पण मलाही बघायचंय, काय कळलं होतं ते."

कामावर जाऊन मी शोध सुरू केला. फाईलची रोज एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जायची, पण आदली पुसून. जागा कमी म्हणून भाऊंनीच तसं लावून दिलेलं. सगळ्या प्रती साफसफाईनंतरच्या. कागदावर कुणी कधी छापलं नव्हतं. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "काम चालतंय ना? मग टिप्पण्या कशाला हव्यात?" खरा कोलन माणूस.

आणि मग, व्हॉल्व्ह हलवायच्या आधी मी डिक्लेअर डॅश एफ टाईप करत असताना, माझे हात थांबले.

शेल! तो तर बंदच झाला नव्हता. ती काळी खिडकी कितीतरी काळ तशीच उघडी होती; पडद्याच्या कडेला भाऊंच्या अक्षरातली चिठ्ठीच होती, 'बंद करू नये'. शेलनं फाईल वाचली होती ती साफसफाईच्या कितीतरी आधी. भाऊंनी फाईल पुसली, पण शेलला ती परत वाचायला लावली नव्हती, कारण कामात काही बदल नव्हता. म्हणजे फाईल काही म्हणो, शेलच्या डोक्यात जुनंच होतं. मागे खालच्या वस्तीत पाणी शिरलं होतं, ते अगदी ह्याच कारणानं.

मी आनंदानं एवढी वेडी झाले की आधी छापून बघायचं सोडून आधी वहिनींना फोन केला. जुना संगणक त्याच आठवड्यात काढणार होते. "उद्या दुपारीच या," मी म्हटलं. "तुमच्या समोर काढते."

वहिनी आल्या त्या ठेवणीतली साडी नेसून. लेकीला फोनवर भाऊंपाशी ठेवून, शेजारणीला घरात बसवून आल्या होत्या. एवढ्या वर्षांत त्या पंपहाऊसमध्ये कधी आल्या नव्हत्या. त्यांनी पॅनेलचे दिवे बघितले, गाळणीच्या टाक्या बघितल्या, अडकणारा पंखा बघितला, आणि भाऊंच्या खुर्चीत बसल्या. नवी यंत्रणा बसवणारा इंजिनिअर तिथेच होता. त्याला मी सगळं सांगितलं होतं. भला माणूस, स्वतःचं काम बाजूला ठेवून उभा राहिला.

मी टाईप केलं. डिक्लेअर डॅश एफ. नाव न देता, म्हणजे सगळीच फंक्शनं येतील. एंटर दाबलं आणि पडदा धावायला लागला.

आली. एकूण एक आली. वरच्या टाकीचं, खालच्या वस्तीचं, पंपाचं. भाऊ लिहायचे त्याहून नीटनेटकी. शेल आपल्या पद्धतीनं सगळं एका रेषेत मांडून देतो, प्रत्येक कंस आपापल्या जागी. मी वर गेले, खाली आले. पुन्हा वर गेले. एकेका फंक्शनचं नाव घेऊन वेगळं छापलं. टाकीला दोनदा विचारण्याची कमांड होती. ती थापाडी आहे, हे नव्हतं.

हॅशची एकही ओळ नव्हती.

"काय लिहिलंय?" वहिनी विचारत होत्या. "कुठे आहे? मोठ्यानं वाचा ना."

इंजिनिअर माझ्या खांद्यावरून बघत होता. तो हळूच म्हणाला, "ताई, शेल टिप्पण्या ठेवत नाही. फाईल वाचतानाच टाकून देतो. त्याला कामापुरतं लागतं तेवढंच घेतो."

आणि मला माहीत होतं. म्हणजे, माहीत असायला हवं होतं. हे छापलेलं रूप मी रोज बघत होते, एवढी वर्षं, भाऊंच्या शेजारी बसून, आणि त्यात हॅश नसतो हे एकदाही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आम्ही त्यात आकडे बघायचो. आकडे बरोबर असायचे. नसलेलं कोण बघतं?

इंजिनिअरनं सोडलं नाही. संगणकाची सगळी मेमरी उपसून बघतो म्हणाला, कुठे काही तुकडा अडकला असेल तर. तासभर झटला. प्रेशरचे आकडे निघाले, जुन्या तारखा निघाल्या. शेवटी त्यानं हात पुसले, जसे काही ते ओले होते, आणि म्हणाला, "फार जुनं झालं. त्या जागेवर बाकीचं लिहिलं गेलंय."

वहिनी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. "पण फाईलमधलं मुळात पुसलं कुणी?" त्यांनी विचारलं.

ऑफिसनं, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. साहेबांच्या नावावर खपलंही असतं. पण वहिनी माझ्याकडे सरळ बघत होत्या.

"त्यांनीच."

"का?"

"परके लोक वाचतील म्हणून."

वहिनींनी मान हलवली. म्हणाल्या, "आणि घरची होती, तिनं कधी वाचायचं होतं?"

पंखा अडकला, सुटला. इंजिनिअर बाहेर निघून गेला. मी पडद्याकडे तोंड करून उगाच वर-खाली करत राहिले, आणि तेव्हा मला कोलनच्या ओळी दिसल्या. त्या होत्या. दुसऱ्याला लागतील म्हणून लिहिलेल्या, अवतरणात, जशाच्या तशा. मी वहिनींना म्हटलं, थोडं आहे. कामाचंच आहे, पण शब्द त्यांचेच आहेत.

"वाचा," वहिनी म्हणाल्या.

"'दोन नंबरचा पंप रुसला तर जरा थांबावे. आपणहून चालू होतो. लाथ मारू नये.'"

वहिनींच्या ओठांची कडा हलली.

"'व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. आत किती दाब आहे ते बाहेरून दिसत नाही.' 'रात्रपाळीनं दिवे तपासावेत, हिरव्यावर फार विसंबू नये.'"

अशा काही ओळी. सगळ्या मिळून एका कागदावर मावल्या. मी तो छापून दिला. वहिनींनी तो घडी न घालता नेला, बेतलेलं कापड नेतात तसा, दोन्ही हातांवर.

दोन दिवसांनी जुना संगणक बंद केला. बटण मीच दाबलं. दुसऱ्या कुणी दाबलेलं मला चाललं नसतं. त्याआधी एकदा सगळी फंक्शनं छापून घेतली, आधी विचारून घ्यायची सवय म्हणून. आकडे बरोबर होते. काळी खिडकी गेली आणि चिठ्ठी तेवढी पडद्याच्या कडेला राहिली.

नंतर एका रविवारी मी भाऊंकडे गेले. वहिनी रोज त्यांना तो कागद वाचून दाखवत होत्या, त्या बाईंनी सांगितलं तसं, सकाळ-संध्याकाळ. माझ्यासमोरही वाचला. 'लाथ मारू नये' म्हटल्यावर भाऊंच्या डोळ्यांत काहीतरी हललं. 'व्हॉल्व्ह सावकाश उघडावा' म्हटल्यावर त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपोआप फिरला, थोडा थोडा करत, अगदी बरोबर दिशेला. काम सगळं आत शाबूत होतं.

वहिनींनी कागद मांडीवर ठेवला. मी आहे हे त्या विसरल्या असाव्यात, किंवा त्यांना माझं चालत असावं.

"ते गणवेशाचं," त्या म्हणाल्या. "भाजी केली होती ना मी रोज तीच. तुम्ही लिहिलं होतंत म्हणे, कळलं म्हणून. काय कळलं होतं हो?"

भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना प्रश्न समजला होता. इतका समजला होता की मला मान वळवावीशी वाटली. ओठ जुळले, सुटले. मानेची शीर फुगली. डावा हात दांड्यावरून उचलला गेला आणि वहिनींच्या दिशेनं अर्ध्यावर येऊन थांबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्या आयुष्यात मी कुठल्या माणसाला एका वाक्यासाठी एवढं झटताना बघितलेलं नाही. वहिनी पुढे झुकल्या, त्यांचेही ओठ नकळत हलत होते.

"बरं," भाऊ म्हणाले.

वहिनींनी तो अर्ध्यावर थांबलेला हात धरला आणि आपल्या मांडीवर, कागदावर ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.